नावाचा कूलर

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. म्हणजे होतो. आता मी नक्की कोण, हे मला अजून कुणी धड सांगितलेलं नाही, तेव्हा हसू नका.

माझा जन्म पूर्व दिल्लीतल्या एका पत्र्याच्या दुकानात झाला. ठोकून ठोकून मला चौकोनी केलं, तीन बाजूंना जाळ्या लावून त्यांत वाळा भरला, पोटात पाण्याची टाकी दिली आणि समोर पंखा. १९८९ साली उल्हासरावांनी मला मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये आणलं. बदली होऊन आलेली पुण्याची माणसं ती, पहिल्याच उन्हाळ्यात बेजार झाली होती. मी सुरू झालो की सुनेत्राताई पदर सैल करून समोर बसायच्या आणि म्हणायच्या, "हा आहे म्हणून जगलो बाई." मग मी जास्तच घरघरायचो.

असे सात उन्हाळे गेले. पुढे उल्हासरावांच्या ऑफिसात परदेशी कंपनी आली आणि घरात एसी आला. माझा पंखा आणि मोटर कबाडीवाल्याने काढून नेली. माझं उरलेलं खोकं बाल्कनीत पडून राहिलं. माझं काय चुकलं होतं, हे मला कळेना.

दोन वर्षांनी त्यांच्या मयुराने कुत्र्याचा हट्ट धरला. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. सोसायटीला कुत्रा चालेना, आईला मांजर चालेना. शेवटी जामा मशिदीजवळच्या बाजारातून दोन गिनी पिग आले. पांढरी ती मुरमुरी, ठिपक्यांची ती चिवडी. शेजारच्या अरुणा आंटी बघायला आल्या आणि म्हणाल्या, "ये तो चूहे हैं, बेटा." मयुरा दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

त्यांना ठेवायचं कुठे? उल्हासरावांची नजर माझ्यावर पडली. टाकीत वर्तमानपत्रं आली, त्यावर सुकं गवत, एका जाळीला कडी लावून दार झालं. मी तर चक्रावूनच गेलो. जिथे पाणी खळखळायचं तिथे कुणीतरी गाजर कुरतडत होतं, आणि गाजर संपलं की माझा वाळा! पण हिवाळा मजेत गेला. रात्री माझ्यावर पोतं पडायचं. मयुरा कोथिंबिरीच्या काड्या घेऊन आली की त्या दोघी शिट्ट्या घालायच्या, आणि मलाही उगीच बरं वाटायचं.

मग मे महिना आला. आमची बाल्कनी पश्चिमेची. सुनेत्राताईंनी विचारलंसुद्धा, "अहो, त्यांना बाहेर फार गरम होत नसेल ना?"

"अगं, कूलरमध्ये ठेवलंय त्यांना," उल्हासराव म्हणाले. "याहून थंड जागा कुठली आणायची यार?"

ताईंना ते पटलं. खरं सांगतो, मलाही पटलं. इतकी वर्षं सगळे मला कूलर म्हणत होते. मी तापू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या रविवारी दुपारी आत एसी चालू होता. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून बाल्कनीचं दार घट्ट लावलेलं होतं. त्या दोघी शिट्ट्या घालत होत्या, पण आत ऐकू जाईना. थोड्या वेळाने शिट्ट्या थांबल्या. मला वाटलं, झोपल्या बिचाऱ्या.

चारला मयुरा काकडीच्या साली घेऊन आली. तिने दार उघडून आत हात घातला आणि चटकन मागे घेतला. "बाबा, हा भाजतोय," ती ओरडली. उल्हासराव धावत आले, दोघींना आत नेलं, ओल्या फडक्यात धरलं. संध्याकाळी चिवडीने डोळे उघडले. मुरमुरीने उघडले नाहीत.

चिवडी आता मयुराच्या पलंगाखाली राहते. दुसऱ्या दिवशी मयुरा एकटीच बाल्कनीत आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "तू तर कूलर आहेस ना?"

मित्रांनो, या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. तुम्ही मात्र एक करा. कुणाही मुक्या जिवाला घर देणार असाल, तर त्या घराचं नाव विचारू नका. भर दुपारी आधी आपला हात आत घाला आणि शंभरपर्यंत मोजा. तुम्हाला हात काढून घेता येतो, त्यांना दार उघडता येत नाही.