काटा स्थिर होईपर्यंत

तोलमामाचं यंत्र इतकं हळवं होतं, की शेजारच्या गावात कुणी कूस बदलली तरी त्याचा काटा दचकायचा. निदान तो तसं सांगत असे, आणि शहानिशा करायला त्या गावात जाणार कोण? पृथ्वी कुठे किती जोराने ओढते ते जागोजागी मोजायचं, म्हणजे नकाशातल्या उंच्या बिनचूक ठरतात, हे त्याचं काम. यंत्रातली स्प्रिंग दिवसभरात जराशी सैलावते. म्हणून सकाळी जिथे पहिलं माप घ्यायचं, तिथेच संध्याकाळी परत येऊन पुन्हा घ्यायचं आणि पडलेला फरक वजा करायचा.

ही जागा त्याने वाचनालयाच्या कोपऱ्यात धरली. कचेरीला कारण कळवलं: शांतता आणि पक्की दगडी फरशी. खरं कारण पुस्तक देवघेवीच्या टेबलाशी बसलेलं असे. त्याची बायको.

बावीस वर्षं तो दौऱ्यावर. तीन वर्षांपूर्वी परतला तर दाराला कुलूप आणि फटीत चिठ्ठी: ‘आता मी दौऱ्यावर.’ ती भावाकडे राहायला गेली होती. भांडायलासुद्धा थांबली नाही, हेच त्याला जास्त लागलं. ‘घरी चल’ एवढे दोन शब्द त्याला तेव्हापासून म्हणता आले नव्हते.

काटा स्थिर होईपर्यंत खोलीत कुणी पाऊल उचलायचं नाही. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं ती हातात पुस्तकं धरून जागच्या जागी उभी. पुढे त्याने दुपारचीही फेरी काढली. स्प्रिंग फार सैलावतेय, असं कचेरीला दडपून सांगितलं.

“तुमच्या यंत्राला मीच बरी सापडते,” ती ओठ न हलवता म्हणायची.

“डोंगरावर ये माझ्याबरोबर. तिथे तुझं वजन चिमूटभर कमी भरेल.”

“बावीस वर्षं नेलं नाहीत. आता चिमटीसाठी नेताय?”

यावर तो यंत्राच्या भिंगात डोळा खुपसून बसायचा.

शेवटी साहेबांचा फोन आला. “अहो, त्या एका फरशीची चारशे अकरा मापं. स्प्रिंग सैलावली म्हणता, आणि आकडे तर जागचे हलत नाहीत. उद्यापासून सुरुवात कचेरीच्या तळघरातून.”

त्या संध्याकाळी त्याने यंत्र मांडलं. “उद्यापासून मी येणार नाही,” म्हणाला. ती उभी राहिली. काटा केव्हाच स्थिर झाला.

“झालं?”

“नाही. हलतंय अजून.”

तिने पुस्तकं खाली ठेवली आणि नियम मोडून सरळ चालत आली. त्याला बाजूला सारून भिंगात पाहिलं. तिच्या पावलांनी काटा आता खरोखरच थरथरत होता.

“हलतंय खरं,” ती म्हणाली आणि शेजारी स्टूल ओढून बसली. “थांबावं लागेल. तोवर सांगा, दौऱ्यावर जेवायचात कुठे? मी कधी विचारलंच नाही.”

त्याच्याकडे या विषयावर निदान चाळीस थापा तयार होत्या. त्यातली एकही तोंडात येईना.

“बऱ्याचदा तसाच झोपायचो. एकट्याला घास उतरायचा नाही.”



“मलाही,” ती म्हणाली.