किताकाताचा सकाळचा रस्सा

महेशने मला जपानला पाठवायचं ठरवलं, कारण मी कधीच ठाम काही सांगत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

महेश माझा मुलगा. त्याची मुलगी वेदिका टोकियोत नोकरी करते आणि काझुया एंडो नावाच्या तिथल्याच मुलाशी लग्न करायचं म्हणते. जपानी जावयाला महेशची तितकीशी हरकत नव्हती. नाशकात इंदिरानगरला आमच्या सोसायटीत एक जर्मन सून आहे आणि पाडव्याची गुढी सगळ्यांच्या आधी तिचीच उभी राहते. हरकत होती ती पुढच्या गोष्टीला. काझुया नोकरी सोडून आपल्या गावी, किताकाताला, वडिलांचं रामेनचं, म्हणजे रस्सा-नूडल्सचं, दुकान चालवायला जाणार होता. वेदिकाही त्याच्याबरोबर जाणार होती. तिचं काम घरून संगणकावर चालू राहील, असं तिचं म्हणणं.

"म्हणजे इंजिनीअर पोरगी मिसळीच्या हॉटेलात द्यायची," महेश म्हणाला.

"मिसळवाले तुमच्यापेक्षा मोठ्या गाडीतून फिरतात," माझी सून उज्वला स्वयंपाकघरातून म्हणाली.

असं बरेच दिवस चाललं. शेवटी महेशने तोड काढली. नाना, म्हणजे मी, जाऊन स्थळ बघून येतील, ते म्हणतील तसं करू. उज्वलाला आपण जिंकलो असं वाटलं. मला मात्र महेशची चाल कळली. मी वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात नोकरी काढली. हे पुस्तक चांगलं आहे का, असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, काहींना आवडतं. चंद्रभागा, माझी बायको, होती तेव्हा भाजी कुठली करू असं मला विचारायची खरी, पण विचारता विचारता तिची गवार निवडून झालेली असायची. असा माणूस किताकाताहून येऊन काय सांगणार? थोडं बरं सांगेल, थोडं वाईट सांगेल, आणि विषय आपोआप पुढच्या वर्षावर जाईल.

मी तयारी वाचून केली. दुसरी कुठली तयारी मला येत नाही. किताकाता हे डोंगरांच्या पायथ्याचं गाव. पाणी चांगलं, भात चांगला, आणि गावभर जाड भिंतींची जुनी कोठारं. आमच्या नाशिकजवळच्या घोटीला बर्फ पडला तर ती कशी दिसेल, असं काहीतरी मी मनाशी रंगवलं. तिथले लोक सकाळच्या न्याहारीला रामेन खातात, हेही वाचलं. बाकीच्या जपान्यांना त्याची गंमत वाटते म्हणे. मला त्यात हसण्यासारखं काही दिसेना. रविवारी सकाळी तर्रीने आलेला घाम पुसत बसणाऱ्या नाशिककराने कुणाला हसावं?

वेदिका मला विमानतळावर घ्यायला आली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोन गाड्या बदलून संध्याकाळी किताकाताला उतरलो. मुक्कामाची खोली स्वच्छ होती. सकाळी सातला आम्ही दुकानाकडे चालत निघालो. हवा गार होती. सायकलवरून एक आजोबा गेले आणि ओळख नसताना मान लववून गेले. मी वळून नमस्कार करेपर्यंत ते दूर गेले होते.

"नाना," वेदिका चालता चालता म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. मी बाबांशी भांडेन. पण 'बघू' म्हणू नका."

मी बघू म्हणणार होतो. 

दुकानाबाहेरच वास आला आणि मी थबकलो. बाजाराच्या दिवशी सुकटवालीच्या टोपल्यांजवळून जावं तसा वास. तो वाळवलेल्या बारीक मासळीचा होता. किताकाताचा रस्सा या मासळीचा आणि डुकराच्या हाडांचा मिळून करतात, वर सोयाचं पाणी. डुक्कर आमच्या घरात चालत नाही. वेदिकाने हे आधीच कळवलं होतं, आणि तेव्हापासून मी संकोचाने अर्धा झालो होतो. लोकांच्या दारी जायचं आणि आधी त्यांच्या रस्स्यातच खोड काढायची.

काझुया दारात उभा होता. उंच, हसरा, माझ्याइतकाच घाबरलेला. आत त्याचे वडील, एंडोसान, डोक्याला फडकं बांधून कामात होते. त्यांनी वाकून अभिवादन केलं, मी नमस्कार केला, मग त्यांनी नमस्कार केला आणि मी वाकलो. एवढं झाल्यावर ते परत चुलीकडे गेले. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. आम्हाला त्यांच्यासमोरच्या फळीपाशी जागा ठेवली होती.

त्यांचं काम बघत बसलो. नूडल्स पट्टीसारख्या, जाडसर. उकळत्या पाण्यात सोडण्याआधी ते दोन्ही तळव्यांनी त्या दाबायचे, चुरगळायचे. आमच्याकडे बाया शेवया सरळ याव्यात म्हणून जिवाचा आटापिटा करायच्या, आणि हे गृहस्थ सरळ शेवया मुद्दाम वाकड्या करत होते. वाकडेपणात रस्सा धरून राहतो, असं काझुयाने वेदिकाकडून मला सांगितलं.

मी मात्र वेगळ्याच काळजीत होतो. आमच्या गावाकडे, देवळ्याला, स्थळ बघायला गेलं की एक रीत पाळतात. पसंत नसेल तर चहावर उठायचं. जेवायला बसलं की होकार समजतात, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं की मागे फिरायची सोय नाही. इथे चहा नव्हताच. गार पाण्याचा पेला आणि थेट वाडगा. मी मनात ठरवलं, अर्धं खायचं, अर्धं ठेवायचं. म्हणजे कुठलाच अर्थ निघणार नाही.

एंडोसाननी माझा रस्सा कोपऱ्यातल्या एका लहान पातेल्यातून घातला. ते पातेलं वेगळं होतं. त्यात फक्त मासळी आणि समुद्रातलं शेवाळ. मी चमचाभर प्यायलो. तिखट नाही, तेल नाही, तरी आतपर्यंत पोचणारं काहीतरी. मग नूडल्स. मग परत रस्सा. अर्ध्यावर थांबायचं होतं ते राहून गेलं. माझं मिसळीच्या वेळीही असंच होतं. पाव शिल्लक आणि रस्सा खलास. पण नाशकात त्याची चिंता नसते. वाढपी रस्सा घेऊन फिरतच असतो, आपण फक्त वाटी पुढे सरकवायची.

एंडोसान हातात पळी घेऊन समोरून गेले आणि मी वाडगा पुढे सरकवला. "जरा रस्सा," मी म्हणालो, चक्क मराठीत.

काझुयाच्या चेहऱ्याचा रंग उडाला. वेदिका माझ्या कानाशी आली. इथे रस्सा परत मागत नाहीत. नूडल्सच्या मापाने तो घातलेला असतो. एका पाहुण्या गिऱ्हाइकाने पूर्वी मागितला होता, त्याला एंडोसाननी दार दाखवलं होतं. मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. एका लग्नाचं काम घेऊन आलो आणि ते मोडून चाललो.

एंडोसाननी पळी खाली ठेवली आणि वेदिकाला काहीतरी विचारलं.

"कमी पडला का, असं विचारताहेत," ती म्हणाली.

प्रवासात पाठ केलेल्या जपानी वाक्यांपैकी एकही आठवेना. "त्यांना सांग," मी म्हणालो, "आमच्याकडे चांगला असला की मागतात."

तिने सांगितलं. एंडोसान माझ्याकडे बघत राहिले, मग आत गेले. आले ते एक झाकण ठेवलेला वाडगा घेऊन. दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवला. वाफाळता रस्सा होता. काझुया हळू आवाजात वेदिकाशी बोलला आणि तिचे डोळे भरून आले.

"नाना, हा त्यांच्या वाट्याचा. पाहुणा जे खाईल तेच आज आपणही खायचं म्हणून त्यांनी दोघांपुरताच केला होता. गर्दी ओसरली की बसणार होते."

मी त्या वाडग्याला तोंड लावलं नव्हतं. शेजारी एक रिकामी वाटी होती, तिच्यात अर्धा रस्सा ओतला आणि ती पलीकडे सरकवली. एंडोसान घुटमळले. दाराशी माणसं उभी होती. मग त्यांनी डोक्याचं फडकं सोडलं, काझुयाला चुलीकडे बोट दाखवलं आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसले. ते फुर्र करून प्यायले. मीही तसंच प्यायचा प्रयत्न केला आणि सदऱ्यावर सांडलं. त्यांनी न हसता मला कागदी रुमाल दिला.

तेवढ्यात वेदिकाचा फोन वाजला. महेश. नाशकात पहाटेचे चार वाजले असतील. तिने फोन माझ्याकडे दिला.

"काय नाना, बघितलं?"

"बघितलं."

"जेवलात?"

"दुसऱ्यांदा वाढूनही घेतलं."

मला वाटलं, सुटलो, माझ्या वतीने रीतच बोलली. पण महेश शेवटी माझाच मुलगा.

"भूक लागली की माणूस खातो. रीत राहू द्या. तुम्हाला काय वाटतं ते सांगा. द्यायची का पोरगी?"

सगळ्या शंका एकदम समोर आल्या. इथला बर्फ, भाषा, इतकं अंतर. मी पाहिली होती एकच सकाळ, आणि बाप चांगला म्हणून मुलगा चांगला असं कुठे लिहिलंय? एकही शंका खोटी नव्हती. वेदिका भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. तिच्या खांद्यांकडे बघून कळत होतं की तिला त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं.

"द्यायची," मी म्हणालो.

"कशावरून म्हणता?"

"माझं चुकूही शकतं. पण मला डुक्कर चालत नाही म्हणून इथला मालक आज स्वतःही खात नाहीये. हे त्याने आम्हाला सांगितलंसुद्धा नव्हतं. आपल्या वाट्याचा रस्सा मला दिला. अशा घरात पोरगी उपाशी राहणार नाही, महेश."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"त्यांना तिखट चालतं का विचारा," मग तो म्हणाला. "इकडे आले तर करून काय घालायचं?"

वेदिकाने हसत, नाक पुसत विचारलं. एंडोसाननी गंभीरपणे विचार केला आणि अंगठा व बोट जवळ आणून दाखवलं. दोघांच्या मध्ये जेमतेम मोहरी मावली असती.

"थोडं चालतं म्हणतात."

"बरं. उज्वला उठली की सांगतो."

"मी झोपले कधी होते?" मागून उज्वलाचा आवाज आला.