जुना इशारा

पिकेटने तळहात एमेटच्या हनुवटीखाली असा हाणला की त्याचं डोकं मागे हिसकलं आणि दात वाचवायला लावलेलं रबर रक्तासकट गवतावर पडलं. मग दोघांच्या अंगावर बाकीचे धिप्पाड गडी कोसळले. ढिगाऱ्यात कुणीतरी एमेटचं बोट पिरगाळलं. त्याने सापडेल त्याच्या बरगडीत कोपर घातलं.

"म्हातारा झालास, एमेट! घरी जा, नातवंडं खेळव," पिकेट म्हणाला.

"तुझ्या छाताडावर बसूनच जाईन, डुकरा."

कॉलेजात दोघं अमेरिकन फुटबॉलच्या एका संघात, एका खोलीत होते. सरावात रोज एकमेकांना तुडवायचे आणि रात्री एकाच पिझ्झ्यावर तुटून पडायचे. आता संघ वेगळे. एमेट सेंटर होता: चेंडू पायांमधून मागे द्यायचा आणि त्याच क्षणी समोरच्याला अंगावर घ्यायचं. डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, डोक्याला आणखी एक मार म्हणजे खेळ कायमचा बंद, नाहीतर जीव जाईल. म्हणून हल्ली डोळ्यांपुढे अंधारी आली तरी तो हूं की चूं करत नसे. मूर्खपणाच तो, पण या धंद्यात त्यालाच मर्दानगी म्हणतात.

एमेट धडपडत उठला. शेजारी खेळणाऱ्या बकने विचारलं, "ठीक आहेस ना रे?"

"तुझं बघ."

तो चेंडूवर वाकला. कुणी कुणाला अडवायचं, हे सेंटरने ओरडून सांगायचं असतं. त्याच्या संघात त्यासाठी शहरांची नावं ठरलेली होती. एमेट ओरडला, "भोपळा! डावीकडे भोपळा!"

बक गोंधळून बघत राहिला. समोर वाकलेला पिकेट मात्र चरकला. हा त्या दोघांच्या कॉलेजच्या संघाचा इशारा होता.

चेंडू सुटला. एमेट मान उघडी टाकून आंधळ्यासारखा पुढे आला. एक तडाखा पुरला असता. पिकेटने त्याला कवेत घट्ट धरलं आणि हळूच खाली बसवलं. असं धरणं नियमाबाहेर; पंचाने दंडाचा पिवळा रुमाल पायाशी फेकला. बाहेरून पिकेटचा कोच शिव्या घालत सुटला.

"डॉक्टर आणा!" पिकेट बोंबलला. "याचं डोकं ठिकाणावर नाही!"

डॉक्टरांना बोलावून आपण एमेटचा खेळ कायमचा संपवला, हे त्याला पक्कं कळत होतं.

एमेट रक्ताळलेल्या तोंडाने त्याच्याकडे बघून हसला.

"पिकेट, आपण जिंकतोय ना?"

"जिंकतोय रे," पिकेट म्हणाला.