घर दिसलं की वळायचं

“समुद्रात मधोमध त्या खांबावर चढलेलं असताना शूला लागली, तर तुम्ही काय करता?”

हा प्रश्न माझा नव्हता. लंबू आणि चष्मिश या माझ्या दोन मैत्रिणींनी तो मिळून तयार केला होता आणि ‘दम असेल तर विचारून दाखव’ म्हणून माझ्या गळ्यात मारला होता. दम होता. गेल्या वर्षापर्यंत नव्हता. तेव्हा मी हजेरीला इतक्या हळू ‘हजर’ म्हणायचे, की बाई मला समोर बसलेली असताना गैरहजर मांडायच्या. म्हणून वर्गाने चिडवायला माझं नाव ‘भोंगा’ ठेवलं. या वर्षी मी ठरवलं, नाव मिळालंच आहे तर ते वाया घालवायचं नाही.

सभागृहात कुणी हललं नाही. मुख्याध्यापिकांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या शेजारी बसलेले बंदराच्या कंपनीचे साहेब आपल्या बुटांकडे बघायला लागले. बूट चांगले होते.

जिला विचारलं तिने मात्र डोळे मिटले नाहीत. समुद्रातल्या पवनचक्क्यांवर चढून त्या दुरुस्त करणं हे तिचं काम. आमचं छोटंसं बंदर त्या पवनचक्क्यांसाठी मोठं होणार होतं, आणि ते किती चांगलं आहे हे मुलांना समजावं म्हणून कंपनीने तिला शाळेत पाठवलं होतं. आम्ही सगळ्या तिला पंखेवाली ताई म्हणायला लागलो होतो, फक्त तिच्या तोंडावर नाही.

“चढायच्या आधी जाऊन यायचं,” ती म्हणाली. “पाणी बेताने प्यायचं. तरी लागलीच, तर वर एक खोली असते, तिथे बादली. पुरुषांचं सोपं असतं. मला आधी सगळे पट्टे सोडावे लागतात, मग डांगरी उतरवावी लागते. ती गळ्यापासून पायापर्यंत एका तुकड्यात शिवलेली असते. मग बादली. मग सगळं परत चढवायचं. थंडीत ते होईपर्यंत पुन्हा लागते.”

सगळी शाळा हसली. ती नाही हसली.

“आज हा एकच कामाचा प्रश्न आला,” ती म्हणाली. “बाकी सगळ्यांनी उंची विचारली. गुरुवारी नव्या बोटीची चाचणीफेरी आहे. एक जागा रिकामी आहे. येतेस?”

“ती बोट माझे बाबाच चालवणार आहेत.”

“मग त्यांनाही विचार.”

“शूचं?”

“येण्याचं.”

आता बाबांचं सांगते. बाबा फेरीबोट चालवायचे, खाडीच्या या काठावरून त्या काठावर आणि परत. त्यांच्या आधी आजोबा चालवायचे. पण नवा धक्का बांधायला जागा हवी होती, आणि ती नेमकी फेरीबोट लागायची तीच होती. पवनचक्कीची पाती एवढी लांब असतात, की एक पातं आमच्या गल्लीत ठेवलं तर एक टोक आमच्या दारात आणि दुसरं बेकरीच्या पुढे जाईल. ती ठेवायला मैदान लागतं, खांब उभे करायला मजबूत धक्का लागतो, जहाज यायला खोल पाणी लागतं. फेरीबोट कुणालाच लागत नव्हती. ती बंद होणार होती.

कंपनीने बाबांना दुसरं काम देऊ केलं होतं. पंखेवाल्या माणसांना धक्क्यावरून समुद्रात न्यायचं आणि आणायचं. पक्की नोकरी, नवी बोट. फक्त एकदा चाचणी द्यायची. बाबा म्हणाले, “मला? चाचणी? या खाडीत?” आणि त्यानंतर दोन दिवस जेवताना मधेच हसायचे.

आईला मात्र चाचणीची काळजी होती. ती घरी पुढच्या खोलीत शिवणकाम करते. भराव टाकणारे डंपर आमच्या घरावरून जायला लागल्यापासून तिने पांढरं कापड बाहेरच काढलं नव्हतं. धूळ कपाटात, धूळ मशीनच्या तेलात. घराची समुद्राकडची भिंत गुलाबी होती, म्हणजे असायला हवी होती. ती आता आजारी माणसाच्या जिभेसारखी दिसत होती.

“चाचणी झाली की ते लोक चहाला येणार,” आई मला म्हणाली. “काय म्हणतील? हा माणूस घर सांभाळत नाही, बोट काय सांभाळणार?”

गुरुवारी बाबा उजाडायच्या आधीच धक्क्यावर गेले. मी शाळेला निघाले तेव्हा दारात रंगारी शिडी लावत होता. आई खाली उभी राहून वर सूचना देत होती. मी डब्यातला रंग बघितला. तो बरोबर धुळीच्या रंगाचा होता.

“हा?”

“हाच,” आई म्हणाली. “आता बसू दे किती धूळ बसायची ती. बाबांना सांगू नकोस. सरप्राइज आहे.”

मला ती कल्पना फार हुशार वाटली. तसं मी तिला सांगितलंसुद्धा.

दुपारी मी बोटीवर. ताई होती, तिचे तीन सहकारी होते केशरी डांगऱ्यांत, आणि चांगल्या बुटांचे साहेब होते. साहेबांच्या हातात थर्मास होता आणि ते सारखे त्यातून पीत होते. बोट इतकी नवी, की खुर्च्यांवरचं प्लास्टिक निघालेलं नव्हतं. बाबांच्या समोर मोठा पडदा होता. त्यावर खाडी, खोली, बोट, सगळं रंगीत दिसतं म्हणे. मला दिसलं नाही, कारण बाबांनी त्यावर आपली टोपी अडकवली होती.

“बाबा, हे काय?”

“डोळ्यांना लागतो त्याचा उजेड.”

जाताना सगळं मजेत झालं. बाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या मोठ्या जहाजाला आम्ही वळसा घातला. बाबांनी बोट जहाजाच्या शिडीला अशी टेकवली, की साहेबांच्या कपातला चहा हलला नाही. ताईने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी असं बघितलं, जसं काही बाबांना मीच शिकवलंय.

परत येताना ओहोटी लागली होती. खाडीच्या तोंडाशी गाळाचा पट्टा आहे. तो पाण्याखाली असतो, दिसत नाही. त्याला टाळून वळायचं असतं. खोल मार्ग खणणारी बोट तिथे गाळ उपसत होती आणि तिने मार्ग दाखवणारी तरंगती पिंपं बाजूला ओढून ठेवली होती.

“पिंपं दिसत नाहीत,” साहेब म्हणाले.

“मला लागत नाहीत,” बाबा म्हणाले, आणि जरा वाकून मला म्हणाले, “शाळेची पाण्याची टाकी दिसते? तिच्या बरोबर खाली आपलं घर आलं, की वळायचं. झालं. तुझ्या आजोबांनी उगाच नाही भिंत गुलाबी केली. अख्ख्या किनाऱ्यावर दुसरं गुलाबी घर नाही.”

मी सोळा वर्षं त्या घरात राहतेय. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

“बाबा,” मी म्हणाले. भोंग्याचा आवाज नेमका त्या वेळी हजेरीच्या मापाचा निघाला. इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकूच गेलं नाही.

बाबांनी डोळे बारीक केले. टाकी दिसत होती. टाकीच्या खाली भराव, डंपर, धूळ आणि धुळीच्या रंगाची काही घरं दिसत होती. त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. मग त्यांनी हळूच वेग कमी केला.

“घर नाहीये,” ते म्हणाले.

“कुणाचं?” साहेबांनी विचारलं.

“माझं.”

“बाबा, आईने रंग दिला!” आता मात्र आवाज आला. पलीकडच्या काठावरही गेला असेल.

बाबा माझ्याकडे वळले. “कोणता?”

तेवढ्यात बोट गाळावर बसली. आपटली वगैरे नाही. मांजर उशीवर बसते तशी बसली, आणि तिला तिथे बरं वाटलं.

बाबांनी इंजिन उलटं फिरवून बघितलं. पाणी तपकिरी झालं, बोट हलली नाही. भरती येईपर्यंत काही करण्यासारखं नव्हतं. नव्या धक्क्यावर हळूहळू माणसं जमायला लागली. लंबू तर इतक्या लांबूनही ओळखू आली. ती हात हलवत होती. मीही हलवला. दुसरं काय करणार?

ताईचे सहकारी पत्ते खेळायला बसले. बाबा चाकापाशी पाठ करून उभे होते. त्यांचे कान लाल झाले होते. मी जवळ गेले तर म्हणाले, “तुझ्या आईने कोणता रंग दिला ते मला सांगू नकोस.” मी नाही सांगितलं.

थोड्या वेळाने साहेब ताईकडे आले आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलले.

“बोटीवर टॉयलेट आहे,” ताई म्हणाली.

“कुलूप आहे.”

“किल्ली?”

साहेबांनी धक्क्यावरच्या आपल्या ऑफिसकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं. छान ऑफिस होतं, नवं.

ताई मला म्हणाली, “तुझा प्रश्न काय होता तो?”

मी बादली आणून दिली. मग आम्ही सगळे पाठ फिरवून उभे राहिलो आणि क्षितिजाकडे इतकं मन लावून बघितलं, की कुणाला वाटावं तिथे काहीतरी आहे. एकटे बाबा धक्क्याच्या बाजूला तोंड करून होते. त्यांनी न सांगता साहेब आणि धक्का यांच्यामध्ये ताडपत्री धरली होती. साहेब थर्मास भरून चहा प्यायले होते, त्यामुळे ताडपत्री बराच वेळ धरावी लागली.

“आभारी आहे,” साहेब नंतर म्हणाले.

“होतं असं,” बाबा म्हणाले.

भरती आली, बोट उठली, आणि बाबांनी ती गाळ उपसणाऱ्या बोटीच्या मागून-मागून धक्क्याला आणली. धक्क्यावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ती चष्मिश होती. तिच्याशी मी नंतर बोलले.

चहाला ताई एकटीच आली. साहेब ‘जरा जाऊन येतो’ म्हणून गेले ते आलेच नाहीत. दारात आई नवी साडी नेसून, हसऱ्या तोंडाने उभी होती. बाबा भिंतीसमोर थांबले.

“आवडली?” आईने विचारलं.

मी सगळं सांगितलं. आई दाराच्या पायरीवर बसली.

“मला वाटायचं सासऱ्यांना गुलाबी आवडायचा,” ती म्हणाली. “एवढी वर्षं संसार केला, तुम्ही एकदा तरी म्हणालात का, की आपली बोट भिंतीवर चालते?”

“विचारायचं तरी!”

“सरप्राइज होतं!”

“झालं.”

ताईने घरात येऊन चहा घेतला. ती शिलाई मशीन बघत होती, तर आईने डोळे पुसता पुसता तिला विचारलं, की त्या डांगरीला मागून कमरेशी चेन का लावत नाहीत, पट्टे न सोडता निघेल. ताईने कप खाली ठेवला आणि म्हणाली, “उद्या एक आणून देते.” मग ती बाबांकडे वळली.

“दुरुस्तीची टोळी माझ्या हाताखाली आहे, म्हणून निकाल मला लिहायचाय,” ती म्हणाली. “दिसेना झाल्यावर तुम्ही आधी वेग कमी केलात. भरधाव शिरला असतात, तर आम्ही सगळे काचेवर असतो. माणसंही नीट सांभाळलीत. माझी माणसं तुमच्या हाती द्यायला मी तयार आहे. पण पडदा टोपीखाली असेल तर नाही. दर शनिवारी कंपनीच्या शेडमध्ये वर्ग असतो, बोट आणि पडदा दोन्ही शिकवतात. तो करा, मग पुन्हा चाचणी.”

“मी भिंत परत गुलाबी करते,” आई म्हणाली. “उद्याच.”

“पुढच्या महिन्यात समोरच्या धक्क्यावर खांब उभे करणार आहेत,” ताई हळूच म्हणाली. “बाहेरून तुमचं घर दिसणारच नाही. टाकीही नाही.”

ती गेल्यावर बाबा खिडकीत उभे राहिले. टोपी हातात घेऊन गोल गोल फिरवत होते.

“आता या वयात मी शाळेत जाऊ?” ते म्हणाले. “पोरासोरांच्यात बसून, पडद्यावर बोट ठेवून, ही खाडी, हे पाणी? मला? जाऊ दे. फेरीबोट बंद होईल तेव्हा मी पण बंद होईन.”

आईने माझ्याकडे बघितलं. ती अशी कधी बघत नाही. तिला मशीनची सुई तुटली तरी ती माझ्याकडे बघत नाही.

ताईला गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला मी गेले होते, तेव्हा तिला मी आणखी एक प्रश्न विचारला होता. हा माझा स्वतःचा होता, कुणी गळ्यात मारलेला नाही. वर्गाला वयाची अट काय? ती म्हणाली, सोळा पूर्ण. आणि मुली? ती म्हणाली, आजवर एकही आली नाही, म्हणून तिथल्या बायकांच्या टॉयलेटलाही कुलूप आहे, पण किल्ली मी मागून ठेवते.

मी खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि भोंग्याच्या आवाजात बोलले, म्हणजे गल्लीलाही वेगळं सांगायला नको.

“आई, बाबा, माझं ठरलंय. मी शनिवारच्या वर्गाला जाणार. शाळा बुडणार नाही. बोट शिकणार, पडदा शिकणार, चाचणी देणार. बाबा, तुम्ही आलात तर माझ्या शेजारी बसा, पाणी कुठे कसं फिरतं ते मला तुम्ही सांगा, कुठलं बटण दाबायचं ते मी तुम्हाला सांगते. नाही आलात, तर बोट मी चालवीन आणि तुम्ही धक्क्यावर उभे राहून माझा दोर धराल. आई, भिंत गुलाबीच करायची, बाहेरून दिसो नाहीतर न दिसो, हा रंग भयंकर आहे, सकाळी माझंही चुकलं. आणि बाबा, शनिवारी टोपी घरी ठेवायची.”