पुढच्या रांगेतली खुर्ची

शनिवारी सकाळी ती नेहमीसारखी मिठाच्या पाण्यानं गुळण्या करत होती. घराखाली लाँड्री होती. तिथली यंत्रं सुरू झाली की जमीन एका सुरात घुमायची आणि त्या सुराला धरून ती गळा मोकळा करायची. "घरबसल्या साथीदार मिळालाय, तोही न रुसणारा," असं ती पूर्वी येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगायची. हल्ली सांगत नसे. गुळण्या झाल्या, इस्त्री झाली, स्टेजवर घालायचे कपडे पिशवीत गेले. संध्याकाळी हॉलमध्ये कुणाचा तरी वाढदिवस होता. कुणाचा, हे तिनं विचारलंही नव्हतं.

आपल्या माणसांच्या त्या वस्तीत तिला सगळे माइकबाई म्हणत. लग्न होऊन या परक्या देशात आली तेव्हा तिला इथल्या भाषेतले 'धन्यवाद' आणि 'थांबा' एवढे दोनच शब्द येत होते. नवरा गोदामात माल चढवायला जायचा, ही दिवसभर चार भिंतींशी बोलायची. भांडी घासता घासता गायची, ते वरच्या मजल्यावरच्या बाईनं ऐकलं आणि मुलाच्या वाढदिवसाला दोन गाणी म्हणायला बोलावलं. दोनाची दहा झाली. मग लग्नं आली, निवृत्तीचे समारंभ आले. गाण्यांच्या मधे ती नकला करायची, जावयांच्या फिरक्या घ्यायची, गुडघे धरून बसलेल्या आजोबांना नाचायला उठवायची. इथल्या भाषेतली गाणीही तिनं रेडिओवर ऐकून ऐकून पाठ केली. तिच्या कॅसेटी निघाल्या, पुढे सीड्या निघाल्या. वस्तीतलं एक लग्न असं नव्हतं, ज्यात तिचा आवाज घुमला नाही.

फक्त ती हॉलमध्ये कधी बसली नव्हती. गाणारीनं मागच्या दारानं यायचं, स्वयंपाकघरातून पडद्यामागे जायचं, नाव पुकारलं की स्टेजवर यायचं, आणि सगळ्यांची जेवणं उरकली की जादा खुर्च्या ठेवायच्या खोलीत एकटीनं जेवायचं. स्टेजवरून हॉलमध्ये उतरायला तीन पायऱ्या होत्या, त्या तिच्यासाठी नव्हत्या. हा नियम कुणी केला, कुणाला ठाऊक नाही. माणसं देश सोडतात तेव्हा बॅगेचं वजन करून बघतात, पण मनात काय भरून नेतो आहोत त्याचं वजन कुणी करत नाही. सुंभ जळतो, पीळ तसाच राहतो. ज्या बाईच्या गाण्यावर आपण रडलो, तिच्या शेजारी बसून जेवायचं म्हटलं की चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या कपाळाला आठी पडायची.

सुरुवातीला तिला ते लागायचं. मग एकदा ती पडद्यामागे उभी असताना फोन आला की तिकडे आई गेली. तेवढ्यात नाव पुकारलं गेलं. घरी जाऊन रडू, असं तिनं ठरवलं आणि बाहेर जाऊन वाढदिवसाचं गाणं म्हटलं. लोकांनी वन्समोअर मागितला, तिनं तो दिला. घरी आल्यावर मात्र रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. तेव्हापासून आत जे बधिर झालं ते झालंच. खुर्च्यांच्या खोलीतलं जेवण तिला पुढे कधी कडू लागलं नाही. गोडही लागलं नाही.

त्या शनिवारी दुपारी विहीणबाई आणि व्याही घरी आले. लेकीचं लग्न महिन्यावर आलं होतं. लेक चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची आणि शनिवारी तिची सुटी नसे. विहीणबाईंना ते माहीत होतं, म्हणूनच त्यांनी शनिवार निवडला होता.

"चहा नको हं, आत्ताच झालाय," विहीणबाई म्हणाल्या. तिच्या घरचा चहा त्यांचा नेहमीच आत्ता झालेला असे. "तुमच्याशी जरा मोकळेपणानं बोलायचं होतं. तुम्ही समजूतदार आहात म्हणून."

समजूतदार म्हटलं की पुढे काय येतं, हे तिला अनुभवानं कळत होतं. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"आमचे तिकडचे लोक येणार आहेत. ह्यांचे थोरले बंधू, वहिनी, सगळे. जुन्या वळणाची माणसं. त्यांना आम्ही सांगितलंय की मुलीच्या आईला बरं नसतं, ती कुठं येत-जात नाही. तर तुमच्या नणंदबाई उभ्या राहतील ना मुलीकडून? बोलायला-चालायला छान आहेत."

"म्हणजे मी यायचं नाही?"

"अहो, असं कोण म्हणतंय? या ना. मागं थांबा. सगळं दिसतं तिथनं, तुम्हाला तर माहितीच आहे. वस्तीतल्या लोकांना आम्ही सांगून ठेवलंय, कुणी काही बोलणार नाही. आणि लग्नानंतर ते गाणंबिणं तेवढं बंद करा. नातवंडं झाल्यावर त्यांना काय सांगायचं?"

याच विहीणबाईंच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला ती गायली होती. तेव्हा या तिच्या गळ्यात पडून हुंदके देत म्हणाल्या होत्या, तुम्ही नसता तर आमच्या समारंभाला जीवच नसता. गरज सरो वैद्य मरो म्हणतात, पण इथे वैद्यानं जगायचं होतं, फक्त दिसायचं नव्हतं.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो मूग गिळून बसला होता. इतकी वर्षं तिचे स्पीकर पाठीवरून वाहणारा हा माणूस आज स्वतःच्या चपलांकडे बघत होता. व्याही त्याच्याकडे वळले तेव्हा तो म्हणाला, "एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे. पोरीचं चांगलं होतंय."

"बरं," ती म्हणाली.

इतकंच. तिला स्वतःलाच वाटलं होतं की छातीत काहीतरी हलेल. काही हललं नाही. पाहुण्यांना दारापर्यंत पोचवून आल्यावर तिनं टेबल पुसलं, आणि ते आधीच पुसलेलं होतं.

एक प्रश्न मात्र तिच्या डोक्यात राहिला. हे लेकीला माहीत होतं का? लेक शाळेत असताना मैत्रिणींना सांगायची की माझी आई ऑफिसात असते. एकदा शाळेच्या फाटकाशी ती चमकीच्या कपड्यांत उभी राहिली, तर पोरगी ओळख न दाखवता पुढे निघून गेली होती. त्याबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत. आता विचारावं, आणि लेकीनं म्हणावं, हो आई, मीच म्हटलं होतं, मग? नवऱ्याचं गप्प बसणं सोसलं. हे सोसलं नसतं. म्हणून तिनं विचारलंच नाही.

रात्री लेक जेवताना म्हणाली, "तू लग्नात काय घालणारेस?"

"बघू. मी मागं असेन गं, जेवणाखाण्याकडं बघायला. पुढं आत्या आहे."

लेकीनं तिच्याकडे पाहिलं. काहीतरी विचारेल असं वाटलं. "तुला तसं हवंय का?" एवढंच तिनं विचारलं.

"मला काय, कुठंही चालतं."

लेकीनं ताट उचललं आणि नळ सोडला. आईनं मनात ठरवून टाकलं की तिला माहीत आहे.

लग्नाच्या दिवशी ती हॉलवर आली ती मागच्या दारानं. कुणाला सांगावं लागलं नाही, पाय आपोआप तिकडे वळले. दाराशी चपला काढल्या, कारण गाताना ती अनवाणीच असायची. स्वयंपाकघरातून पडद्यामागे गेली, नेहमीच्या जागी उभी राहिली, आणि गळा साफ करायला लागल्यावर तिच्या ध्यानात आलं की आज आपण गाणार नाही आहोत. स्वतःच्या लेकीच्या लग्नात ती आपलं नाव पुकारण्याची वाट बघत उभी होती.

पडद्याच्या फटीतून हॉल दिसत होता. पहिल्या रांगेत तिचा नवरा, शेजारी नणंदबाई, पलीकडे तिकडून आलेली पाहुणेमंडळी. मागच्या रांगांत सगळे ओळखीचे. याच्या मुलाच्या लग्नात ती गायली होती, त्याच्या आजोबांना तिनं नाचवलं होतं. सगळे चांगले कपडे घालून गप्प बसले होते. कुणी वाईट नव्हतं. एकमेकांच्या शब्दाला जागणारी माणसं होती आणि तिच्याबाबतीत गप्प राहायचा शब्द त्यांनी दिला होता.

विधी सुरू व्हायची वेळ झाली तशी ती खुर्च्यांच्या खोलीत जाऊन बसली. बघवत नव्हतं असं नाही. सवयीनं.

दार उघडलं. लेक उभी होती, नखशिखान्त नटलेली.

"तू इथं बसतेस?"

"अगं, तू कशाला आलीस? बाहेर सगळे..."

"इथं बसून जेवायचीस तू? इतकी वर्षं?" लेक खोलीभर बघत होती. घडी घातलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात बादली, वर एक दिवा. डोळे तपासणाऱ्या मुलीनं ही खोली कधी पाहिली नव्हती. "आत्या मला आत्ता सांगतेय की पाहुण्यांनी विचारलं तर आई आजारी आहे, घरीच आहे म्हणायचं. मला वाटलं, तुलाच पुढं यायला नको वाटतंय. मी शाळेत तशी वागले म्हणून."

"मला वाटलं, तुलाच मी नकोय."

मग लेकीनं भिंतीशी टेकलेली एक खुर्ची उचलली आणि काखेत मारली.

"चल."

ती नटलेली नवरी खुर्ची घेऊन स्टेजवरून खाली उतरली. लेकीनं खुर्ची पहिल्या रांगेत नेऊन उघडली. "आत्या, जरा सरक," ती म्हणाली. नणंदबाई सरकल्या. नवऱ्यानं मान खाली घातली, पण आपली खुर्ची त्यानंही थोडी बाजूला घेतली.

"माझी आई बसली की सुरू करा," लेक म्हणाली. "नाहीतर राहू दे."

पडद्यापासून खुर्चीपर्यंत फार अंतर नव्हतं. पण त्या तीन पायऱ्या ती कधीच उतरली नव्हती. तिनं पडदा बाजूला केला आणि स्टेजवर आली, आणि मागच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली. मुद्दाम नव्हे. माइकबाई पडद्यातून आली की टाळ्या वाजवायच्या, ही हातांची सवय. एकाचं ऐकून चार-पाच जणांनी वाजवली, मग सगळ्यांच्या एकदम ध्यानात आलं आणि हॉल गप्प झाला.

"या कोण?" तिकडून आलेल्या थोरल्या बंधूंनी विचारलं. "गाणाऱ्या आहेत का?"

शब्द राखणाऱ्या त्या सगळ्या माणसांतून कुणी उत्तर दिलं नाही. ती पायऱ्या उतरली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "हो. मी गाते. आणि मी मुलीची आई."

पुढचं फार लांबलं नाही. विहीणबाई उठून बाहेर गेल्या, मागोमाग थोरले बंधू आणि व्याही गेले. व्याही परत येऊन म्हणाले, "आईंनी पाच मिनिटं आत जाऊन बसावं, मग बघू." नवरामुलगा लेकीजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "थोडं समजून घे ना. आजचा दिवस फक्त."

"तुला माहीत होतं?"

तो बुटांकडे बघत राहिला. तिच्या बापासारखाच.

लेकीनं गळ्यातली माळ काढली, खुर्चीच्या पाठीवर ठेवली, आणि आईचा हात धरून मधल्या वाटेनं चालत पुढच्या दारातून बाहेर पडली. कुणी आडवं आलं नाही, कुणी सोबतही आलं नाही. हॉलमध्ये कुणीतरी म्हणालं की केलेलं अन्न वाया कशाला घालवायचं, आणि लोक जेवायला बसले. ती खुर्ची समोर तशीच उघडी होती. तिच्यावर कुणी बसलं नाही आणि तिची घडीही कुणी घातली नाही.

रस्त्यावर आल्यावर ती थांबली. चपला मागच्या दाराशी राहिल्या होत्या. फुटपाथची फरशी गार होती आणि बारीक खडी तळव्यांना टोचत होती.

"आई, काय झालं?"

"पाय," ती म्हणाली. "लागतंय गं मला." आणि तिथेच लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली, लेकीसाठी, आणि तिकडे कधीच गेलेल्या आईसाठीही. बधिर पाय जागा होतो तेव्हा आधी दुखतोच. थोड्या वेळानं नवरा हॉलला वळसा घालून आला. त्याच्या हातात तिच्या चपला होत्या. त्या त्यानं तिच्या पायांशी ठेवल्या. तिनं त्या पायात सरकवल्या.

दोन आठवड्यांनी हॉलच्या सेक्रेटरीचा फोन आला. झालं गेलं विसरा, म्हणाला. रविवारी एक समारंभ आहे आणि तुमच्याशिवाय मजा नाही. लाँड्रीची यंत्रं चालू होती. ती खिडकीशी उभी राहून ऐकत होती.

"येईन," ती म्हणाली. "पण पुढच्या दारानं. आणि गाणं झालं की सगळ्यांच्या पंगतीत जेवेन."

पलीकडे कागदांची चाळवाचाळव ऐकू आली.

"तसं... विचारून सांगतो," तो म्हणाला.

वाचकहो, तो ज्यांना विचारणार होता ती माणसं दुष्ट नाहीत. ती तुमच्या-माझ्यासारखीच आहेत, गाण्याची आवड असलेली. तिनं गुळण्या सोडलेल्या नाहीत, गळा तयार आहे. सेक्रेटरीचा फोन अजून आलेला नाही.