डोमाच्या क्लॅरनेटची सीडी

"जुनी गाणी, नव्या साजात" असं ज्या सीडीवर छापलं असते, ती मी अजूनही दुकानात उलटी करून ठेवते.

मी जुन्या पिच्चरच्या गाण्याईच्या सीड्या जमवते. भद्रावतीच्या कॉलनीत आमच्या क्वार्टरमंधी नवऱ्याच्या कपड्याईपेक्षा माझ्या सीड्याईले जास्त जागा आहे. तो त्यावर बोलत नाई, शहाणा आहे. अन् मले नुसती गाणी नाई पाह्यजे. मधलं संगीतही पाह्यजे, नावं पडतानाचं, नदी दाखवतानाचं. ह्या वेडाचं कारण माझा बाबा, डोमा.

आमचं गाव चामोर्शीकडं. थोडंसं धान अन् तलावातली मासोळी, त्यावर घर चाले. पण दिवाळी झाली की बाबा नाटकाच्या पार्टीत क्लॅरनेट वाजवाले जाये. तरुणपणी तो एका बँडसंगं मुंबईले गेलता, अन् तिथी एका पिच्चरात नदीच्या सीनले त्याचं एकट्याचं क्लॅरनेट घेतलं. पिच्चर असा आपटला की आता कोणाले नावही आठवत नाई. म्हणून गावात कोणी मानत नव्हतं. सगळ्यात जास्त हसे तो गुणवंतराव, बाबाच्याच पार्टीतला पेटीवाला. बाबा दिसला की तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा एका गालात सरकवून म्हणे, "या मुंबईवाले." माझं लग्न झालं, लेकरं झाली, त्याचं "या मुंबईवाले" काही संपलं नाई. आता बाबाचे दात गेले, फुंक धरत नाई, डोळ्याईनं धड दिसत नाई. त्याले एकच हौस राह्यली होती, तो तुकडा गुणवंतरावच्या कानात घालायची.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात चंद्रपूरच्या एका दुकानात त्याच पिच्चरची नवी सीडी दिसली. ती घेतली, घरून सीडी वाजवाचं मशीन उचललं अन् तशीच गावाले गेली. गुणवंतरावले मुद्दाम बोलावलं. सीडी लावली, अन् मले वाटलं जमीन फाटावी. प्रत्येक गाण्याखाली मशीनचं ढुमचिक ढुमचिक. बाईच्या गोड गळ्यावर कोणी डबा बडवून राह्यलं असं. नदीचा तुकडा तर काढूनच टाकलेला. कव्हरवर जी हिरॉईन छापली ती त्या पिच्चरात नव्हतीच. शेणात पाय पडल्यावर होते तसं झालं मले.

"मुंबईवाले, तुमचं क्लॅरनेट कुठी गेलं?" गुणवंतरावनं विचारलं.

मी सीडी तिथीच टाकून परत आली.

मंग दसऱ्याच्या आधी कळलं की आलापल्लीले एका रिटायर फॉरेस्टबाबूकडं याच पिच्चरची पहिल्या वेळची सीडी आहे, बिनढुमचिकची. गेली तर बाबू वारलेला. त्याची सून सीड्याईवर चहाचे कप ठेवत होती. प्रत्येक सीडीवर चहाचा गोल डाग, त्यावर मुंग्या. कव्हरं उंदराईनं खाल्लेली. माणूस जन्मभर जीव लावून जमवते अन् त्याच्या मागं हे असं. मागितली तर म्हणे, "न्या ना बाई, आमच्या कायले कामाची?" एका सीडीवर पिच्चरचं पुसटसं नाव अन् खाली गाण्याईची यादी वाचता आली. शेवटचं कलम होतं, नदीचं संगीत.

तशीच गावाले गेली. पण मशीन भद्रावतीले होतं अन् गुणवंतराव वडसाले नाटकाच्या तालमीले. बाबानं सीडी हातात घेतली, बोटानं चाचपली. मी म्हणलं, "बाबा, भाऊबीजेले मशीन घेऊन येते. तवा सगळ्याईसमोर ऐकू." अन् भावाले, निकेशले, बजावलं, "बाबाची सीडी जपून ठेव."

भाऊबीजेले आली. निकेशनं देवघरातून मोठ्या भक्तीनं सीडी काढली. हळदकुंकू लावलेली, फूल वाह्यलेली. ढुमचिकवाली.

"अन् दुसरी?"

"ते जुनीवाली? तिले ना चित्र, ना कव्हर. मले वाटलं खराब झालेली. धानावर राघू लय येऊन राह्यले होते, म्हणून वावरात टांगली."

आमच्याकडं पाखरं भ्यावी म्हणून धानाच्या बांधीत चमकणारं काहीही टांगतात. निकेशनं मधल्या भोकातून दोरी ओवली होती, अन् वाऱ्यानं वाजावं म्हणून तापलेल्या खिळ्यानं कडेले भोक पाडून घुंगरू बांधलं होतं. सीडी आतून बाहेर वाजते. पहिली गाणी मधात, शेवटचं कलम कडेले. मी हे त्याले सांगतलं नाई. सांगून काय उपयोग? त्याले ओवाळलं, पण दात खाऊन.

तोवर गुणवंतराव येऊन बसलाच होता. बाबा म्हणाला, "लाव, जे निघन ते निघन." मी सीडी धुतली, पुसली, लावली. नवल म्हणजे गाणी वाजली. खरखरत, पण स्वच्छ, ढुमचिक नसलेली. शेवटचं कलम आलं. आधी सतार, मंग क्लॅरनेट. दोन सूर निघाले अन् अडकले. तेच दोन सूर, परत तेच दोन सूर.

गुणवंतरावनं खर्रा चघळणं थांबवलं.

"हा तर डोमा आहे," तो म्हणाला. "असा खालून घसरत वर येणारा दुसरा कोण आहे आपल्याकडं? डोमाच आहे. माफ कर गा, बाप्पा. मी उगाच हसलो."

मले वाटलं, झालं, फिटले पांग. मी बाबाकडं पाह्यलं. बाबाचं तोंड असं झालतं की जसा घासात केस आला.

"हेच सूर मी तुझ्या बाजूले बसून उभा जन्म वाजवले, गुणवंता," बाबा म्हणाला. "रोज ऐकले तू. तवा काऊन नाई वाटलं, की हा माणूस खरं बोलत असन?"

मशीनमंधी दोन सूर अडकूनच होते.

"बंद कर वं ते, जया," बाबा म्हणाला. "अन् याले चहा पाजून वाटेले लाव."