खोबरेलाचे दोन थेंब

चार दिवस तापाने अंथरुणाला खिळलेले मदतनीस फारुखभाई आखाती देशातल्या सलमाबादच्या कारखान्याच्या शेडमध्ये आले ते थेट टाकीकडे. या काचेच्या टाकीत जंतू राहतात. कारखान्याच्या धुरातला वायू खातात आणि इंधन देतात. म्हणजे द्यायला हवं! सात महिने झाले, वायू पाण्यात विरघळायलाच तयार नाही. बुडबुडे भसाभस वर येऊन फुटतात आणि जंतू उपाशी. टाकीवर संशोधन करणाऱ्या मृणाली मॅडमनी तळातली जाळी बदलली, पंखा बदलला, पडद्यावरचा विरघळलेल्या वायूचा आकडा काही हलेना. आज मालक येणार होते. आकडा चढला नाही तर टाकी खलास, मॅडमही घरी.

पण मॅडम नाचायच्याच काय त्या बाकी होत्या. "फारुखभाई, चार दिवसांत आकडा दुप्पट! कशाने, देव जाणे!"

भाईंचं लक्ष मात्र झाकणाला टेकलेल्या फेसाकडे. या अल्ला, मालकांसमोर उतू गेला तर? मॅडम दाराकडे वळल्या तसे त्यांनी खिशातून खोबरेलाची बाटली काढून टाकीत दोन थेंब सोडले. घरी भात उतू जायला लागला की त्यांची शरीफुन्निसा हेच करते. भाई इथे रोज करायचे. एवढ्याशा गोष्टीचं सांगायचं काय कुणाला?

फेस बसला. राईएवढे बुडबुडे एकमेकांत मिसळून वाटाण्याएवढे झाले आणि विरघळण्याआधीच वर येऊन फुटू लागले. आणि पडद्यावरचा आकडा धाडधाड कोसळला.

भाईंनी हातातल्या बाटलीकडे पाहिलं. ते घरी होते ते चार दिवस टाकीत तेल नव्हतं. तेल! म्हणजे सात महिने जंतूंच्या तोंडचा घास आपणच काढत होतो?

"हे काय झालं?" मॅडम किंचाळल्या. मागे मालक उभे. पडद्याकडे बघून म्हणाले, "बंद करा."

गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? हात दाखवून अवलक्षण कोण करून घेतो? पण भाईंनी बाटली टेबलावर ठेवली, शेजारी नोकरी सोडल्यासारखं स्वतःचं आयडी कार्ड ठेवलं आणि हिंदीत सगळं सांगून टाकलं. "साहब, टाकीत हे तेल नव्हतं, ते चार दिवस बघा."

मालकांनी चार दिवसांचा आलेख दोनदा पाहिला. "टाकीला सहा महिने देतो," एवढंच बोलून ते गेले.

मॅडमनी बाटली उचलली.

"सात महिने, फारुखभाई," त्या म्हणाल्या. "रात्र रात्र रडलेय मी. एकदा विचारायचं तरी!"

टेबलावरचं कार्ड उचलायला भाईंचा हात उठेना.